दगडावरची मराठी, चुलीजवळची मराठी

‘तुमचे मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न मराठी माणूस आडनाव ऐकताक्षणी विचारतो. उत्तरात चिपळूण, वाई, पैठण असे काही आले, की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि गप्पा पुढे सरकतात. आमच्या आईच्या बाबतीत त्या तिथेच अडत. ती ‘तंजावर’ म्हणे, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असे: ‘म्हणजे तुम्ही मद्राशी का?’ पुण्यात पन्नास वर्षे संसार करूनही आपण मराठी कशा, हे तिला दर वेळी समजावून सांगावे लागे. आमच्या आजोळी महाराष्ट्रातल्या एकाही गावाचे नाव मूळ गाव म्हणून कुणाला सांगता येत नाही. कुलदैवत तेवढे तुळजापूरचे. आई गेल्यानंतरच्या वर्षी आम्ही तिघा भावंडांनी तिचा मुलूख मोटारीने पाहायचे ठरवले: तंजावर, ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, समुद्राकाठचा मनोरा, मन्नारगुडी आणि शेवटी कुंभकोणम. तिथे आमचे मामा राहतात.

इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. व्यंकोजी राजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, त्यांच्या मागोमाग लेखणी चालवणारी, पूजा सांगणारी, कीर्तने करणारी, तलवार धरणारी कुटुंबे कावेरीकाठी गेली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून वारले तेव्हा उरलेसुरले राजपदही संपले. राज्य संपले तरी माणसे परत आली नाहीत. परत कुठे यायचे, हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला असणार. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत घर कावेरीकाठचेच झाले होते.

तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात राजराज चोळाचे तमिळ लेख पाहणारे प्रवासी पुष्कळ असतात. त्याच आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याची बखर मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरलेली आहे. सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, ती कोरली गेली. आम्ही भिंतीपाशी उभे राहून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागलो. दोन शाळकरी मुले जवळ येऊन ऐकत राहिली; ही कोणती भाषा, असे त्यांनी तमिळमध्ये विचारले. एवढा मोठा मराठी लेख आपल्या मुलखात सहसा दिसत नाही, आणि तो जिथे आहे तिथे तो सहज वाचणारे माणूस रोज येईलच असे नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना तंजावर परके नसावे. शहाजी राजे (१६८४ ते १७१२) यांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’सारखी मराठी नाटके रचली, विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस झाले ते १८४३ मध्ये. तरीही आपल्या वर्गांतून मराठी नाटकाचा आरंभ सांगलीला होतो आणि तंजावर एखाद्या तळटीपेत जाते. सरस्वती महाल ग्रंथालयात या नाटकांच्या पोथ्या आणि मोडी कागदांचे ढीगच्या ढीग आहेत. सरफोजींनी तर ‘देवेंद्र कुरवंजी’ या रचनेत कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकारात मराठीतून जगाचा भूगोल सांगितला. भविष्य सांगणारी कुरवंजी खंडे आणि देश सांगते, ही कल्पना पुण्यात वा सांगलीत सुचणे अवघड होते. तिला दोन भाषांचे शेजार लागते.

तंजावरहून दक्षिणेला निघालो. हा रामेश्वराचा रस्ता. यात्रेकरूंसाठी राजांनी त्यावर छत्रे बांधली, म्हणजे अन्न आणि निवारा देणाऱ्या धर्मशाळा. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतले फार नावाजलेले. दगडी घोडे आणि हत्ती रथ ओढताहेत असा त्याचा एका अंगाचा घाट आहे. या छत्रांवर घाला येऊ नये म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहून त्यांचे महत्त्व पटवले होते. राज्य हातचे गेल्यावर राजाने जपले ते वाटसरूंचे जेवण, ही गोष्ट आम्हांला मनोऱ्यापर्यंत पुरली. समुद्रकाठचा तो मजल्यांवर मजले चढवलेला षट्कोनी मनोरा सरफोजींनीच बांधला, तो नेपोलियनवर इंग्रजांना मिळालेल्या विजयाच्या स्मरणार्थ. त्यावरील लेख अनेक भाषांत आहे आणि त्यांत मराठीही आहे. देवळातली मराठी स्वतःच्या घराण्याचा वृत्तांत सांगते. अकरा-बारा वर्षांनी समुद्राकाठची मराठी दुसऱ्याच्या विजयाची द्वाही फिरवते. एका राजाच्या हयातीत भाषेचे काय काय होते, हे या एका दिवसाच्या वाटेत दिसते.

मन्नारगुडीवरून कुंभकोणमला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामींनी डबरा-टंबलरमधून कॉफी दिली, रात्री पानात डांगर पच्चडी वाढली. मामांची मराठी आईसारखीच, तमिळ शब्द सहज पोटात घेणारी आणि कुठेही न अडखळणारी. जेवणानंतर त्यांनी आपली स्तोत्रांची वही दाखवली. रामदासांचे मनाचे श्लोक, आरत्या, अभंग, सारे मराठी, पण लिहिलेले तमिळ अक्षरांत. मामांची शाळा तमिळ. देवनागरी त्यांना जेमतेम लागते. मुलगा चेन्नईत असतो, त्याला मराठी कळते. नातीला कळत नाही.

मग माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली. आत रुमालात बांधलेले मोडी कागद. मामांच्या वडिलांनाही ते वाचता येत नव्हते. पण दर दसऱ्याला ट्रंकेतून काढून, हळदकुंकू वाहून ते परत ठेवले जातात. कडा कसरीने खाल्लेल्या होत्या. आमच्या थोरल्या भावाचे म्हणणे पडले, की हे ताबडतोब एखाद्या ग्रंथालयाच्या हवाली करावेत. घरात आणखी दहा पावसाळे ते टिकणार नाहीत. तो म्हणाला ते खरेच होते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘कागद गेले तर आम्ही मराठी कशावरून?’’

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्यांना वाचता येत नाही तेच कागद त्यांची ओळख आहेत. आणि जी भाषा ते अस्खलित बोलतात तिला ते पुरावा मानीत नाहीत, कारण आम्हांसारख्यांनी, पुण्या-मुंबईच्या मराठीने, ती कधी पुरावा मानली नाही. तंजावरात मराठी दगडावर टिकली आणि चुलीजवळ टिकली. मधली पायरी, म्हणजे शाळा, वही, पत्र, वाचन, ती निखळली.

शेवटी कागद घरातच राहिले. दोन दिवस ओसरीवर बसून आम्ही पानापानाची छायाचित्रे घेतली. धाकटीने मोडीचे वर्ग केलेले आहेत. पुण्यास परतल्यावर दर रविवारी ती दोन-चार ओळी लावते. त्यांत पराक्रम नाही, सनद नाही. भाताचे हिशेब आहेत. पहिल्याच पानावर अडलो. अक्षरे स्पष्ट होती, ‘कलम’ आणि ‘वेली’, पण लेखणी, परिच्छेद, झाडाचे कलम, वेलाचे अनेकवचन, काहीच तिथे बसेना. मामांना फोन लावून ओळ वाचून दाखवली. ते हसले. कलम हे भाताचे माप, बारा मरक्कालांचे; वेली हे जमिनीचे माप. त्यांच्या आजोबांची जमीन वेलींतच मोजली जाई.

अक्षर पुण्यात आणि अर्थ कुंभकोणमात, अशी ती वाटणी आहे. मुळे शोधायला निघालेल्या माणसाला एखादे गाव, वाडा, निदान पडकी भिंत हवी असते. आम्हांला मिळाले ते अर्धे वाक्य. दुसरे अर्धे मामांपाशी आहे आणि मामांचे वय ब्याऐंशी आहे. ट्रंकेत तीनशेच्या वर कागद आहेत, आणि आमचे अजून अकरा वाचून झाले आहेत. म्हणून हल्ली आम्ही रविवारची वाट पाहत नाही; बुधवारीही फोन करतो.