टिलव्याच्या फोटोत काल्हेरची खाडी

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट, गोदामं आणि ट्रकच्या रांगाच लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. उत्तर ध्रुवाकडचा एक पाहुणा दर हिवाळ्यात आपल्या खाडीवर मुक्कामाला असतो, हे आमच्या नववीच्या मुलांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही नव्हतं.

निमित्त भित्तिपत्रकाचं झालं. विषय होता ‘आर्क्टिकमधले जीव’. मुलांनी ध्रुवीय अस्वलांचे, सीलचे फोटो छापून आणले. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “सर, यात आपण स्वतः काढलेला एक तरी फोटो नको का?” वर्ग हसला. आम्ही मात्र विचारात पडलो, कारण तसा फोटो काढणं शक्य होतं.

छोटा टिलवा हा चिमणीएवढा पक्षी. वजन साधारण पंचवीस ग्रॅम. उन्हाळ्यात तो सायबेरियाच्या उत्तर टोकाला, झाडं उगवत नाहीत अशा टुंड्रात जमिनीवर अंडी घालतो. तिथे थंडी पडू लागली की पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून आपल्या किनाऱ्यांवर येतो. “पण सर, हे कळलं कसं?” हा प्रश्न आलाच. पक्ष्याच्या पायात क्रमांकाचं हलकं कडं घालून त्याला सोडतात. तोच पक्षी पुढे दुसरीकडे सापडला की त्याची वाट समजते. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. त्यामागे डॉ. सलीम अली होते, मुंबईच्या एका मुस्लिम घरात १८९६ साली जन्मलेले पक्षिशास्त्रज्ञ. त्यांचं नाव मुलांनी ऐकलं होतं, काम पहिल्यांदाच कळलं.

जानेवारीतला एक रविवार ठरवला, चांदची पंधरावी पाहून. चौदावी-पंधरावीला आणि नव्या चांदच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते. खाडीत आत ती थोडी उशिरा पोहोचते. म्हणजे सकाळी चिखल उघडा असतो आणि पाणी हळूहळू चढत येतं. फजरची नमाज आटोपून आम्ही निघालो. सोबत पाच मुलं, दोघांचे अब्बा, एक मागून आणलेला झूमचा कॅमेरा आणि बाकी मोबाइल.

काल्हेरला खाडीच्या काठी उभं राहिलं की पाठीमागे गोदामांचे पत्रे, समोर पाण्यापलीकडे ठाण्याचे उंच टॉवर आणि मध्ये तिवरांची झाडी दिसते. चिखलावर काहीतरी सरसर धावत होतं. डोळे स्थिरावल्यावर कळलं, तीस-चाळीस टिलवे आहेत. पाठ राखाडी, पोट पांढरं, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चिखलात वर-खाली.

इथे आमचंच चुकलं. जवळून फोटो मिळावा म्हणून आम्ही मुलांना घेऊन चिखलात उतरलो. दहा पावलंही झाली नसतील, सगळा थवा एकदम उडाला आणि दूर निघून गेला. काठावर जाळं सांधत बसलेले एक आगरी काका म्हणाले, “सर, तुम्ही त्यांच्याकडे जाऊ नका. पाणी चढलं की तेच तुमच्याकडे येतील.”

आम्ही ओशाळलो. एप्रिल-मेमध्ये या पक्ष्याला पुन्हा उत्तरेला जायचं असतं. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे या चिखलातले किडे खाऊन अंगावर साठवलेली चरबी. त्याला एकदा उगाच उडवलं की त्या शिदोरीतला एक घास गेला.

काठावर बसून वाट पाहताना मोबाइलवर आर्क्टिकचे फोटो पुन्हा काढले. आता मुलांना वेगळंच दिसलं. चांगल्या फोटोंत अस्वल लहान होतं आणि भोवती तुटलेला बर्फ, काळं पाणी, मोकळं आकाश पसरलेलं होतं. अस्वल कुठे राहतं आणि त्याच्या पायाखालचा बर्फ किती उरलाय, हे त्या मोकळ्या जागेमुळेच समजत होतं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, जिथे २००८पासून आपल्या देशाचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, तिथे अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहावं लागतं. १ मार्च ते ३० जून या काळात तर ५०० मीटर. हा नियम २०२५पासून लागू आहे. लांब राहायचं म्हटलं की चौकटीत त्याचा मुलूख आपोआप येतोच.

नऊच्या सुमारास काकांचं म्हणणं खरं झालं. पाणी चढलं, चिखलाचा पट्टा अरुंद झाला आणि टिलवे धावत धावत आमच्या दिशेला आले. आम्ही हललो नाही. सगळ्यांना खाली बसवलं, कारण उभ्याने काढलेल्या फोटोत नुसता चिखल आणि पक्ष्याची पाठ येते. बसल्यावर मागची तिवरं आणि पाणी दिसू लागतं. पक्षी ज्या बाजूला बघतोय तिकडे जास्त जागा सोडायची. पाण्याची रेघ तिरकी होऊ द्यायची नाही. सूर्य पाठीशी ठेवायचा. बर्फावर कॅमेरा फसतो आणि बर्फ मळकट दाखवतो, म्हणून तिथे उजेड वाढवावा लागतो. काळ्या चिखलावर उलटं होतं, पांढरं पोट जळल्यासारखं येतं. मोबाइलवर पक्ष्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढलं की काम होतं.

मोबाइलमध्ये टिलवा तांदळाच्या दाण्याएवढाच आला. पण त्याच्या पावलांची नक्षी, पाण्यातलं प्रतिबिंब, तिवरांची वर आलेली मुळं आणि मागचे टॉवर, सगळं आलं. झूमच्या कॅमेऱ्यात पक्षी मोठा आला, पण तो कुठला हे सांगता येईना.

सोमवारी वर्गात वाद झाला. मोबाइलच्या सगळ्यात चांगल्या फोटोत टॉवरबरोबर चिखलात रुतलेली एक निळी पिशवीही होती. एक मुलगा म्हणाला, “सर, टॉवर आणि पिशवी कापू या. आर्क्टिकचा पक्षी वाटला पाहिजे.” प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, “कापलं तर तो आपल्याकडे आलाय हे कसं कळणार?” आम्हाला क्षणभर मुलाचं पटलं. आपल्या गावाचे कचऱ्याचेच फोटो लोक काढतात, त्यात आपण भर कशाला घालायची? पण आठ महिने हेच त्याचं घर आहे. काठावर भराव पडला आणि चिखल गेला, तर सायबेरिया शाबूत असूनही तो जगणार नाही. पिशवीसकट फोटो लागला. खाली मुलांनी लिहिलं: ‘छोटा टिलवा. जन्म आर्क्टिक, मुक्काम काल्हेर.’

घरी आमच्या अम्मींना तो फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “इतक्या लांबून मेहमान आला, आणि त्याच्या दस्तरखानावर ही पिशवी कुणी टाकली?”

एप्रिलमध्ये, चांदची पंधरावी बघून, आम्ही पुन्हा जाणार आहोत. तोवर टिलव्यांच्या पाठीवर तांबूस रंग चढू लागलेला असेल. या वेळी मोबाइलबरोबर एक रिकामं पोतंही नेणार आहोत. मात्र पिशव्या उचलायच्या त्या पक्षी दूर गेल्यावरच.