तुरिनचा विंचू
आल्प्सच्या पायथ्याशी, पो नदीकाठी वसलेले तुरिन म्हणजे फियाटचे गाव. २०२३ पर्यंत मुंबईत धावलेल्या पद्मिनी टॅक्सीचे हे आजोळच! व्हिएन्नात जन्मलेल्या कार्लो अबार्थने १९४९ साली काढलेल्या कारखान्याने येथेच बस्तान बसविले. त्याची रास वृश्चिक, म्हणून गाड्यांवर विंचू. १९६३ साली त्याने चिमुकल्या फियाटचे ४९९ सी.सी.चे एंजिन ५९३ सी.सी.चे केले, कॉम्प्रेशन वाढविले, कार्ब्युरेटर मोठा बसविला. सुमारे १८ अश्वशक्तीच्या जागी २७! पण वेगाचा हिशेब एंजिनापाशी संपत नाही. ओझेही मोजावे लागते. १९६५ साली मोंझाच्या विक्रमासाठी, अरुंद गाडीत मावावे म्हणून, हा गृहस्थ सफरचंदांवर राहून सुमारे ३० किलोंनी उतरला. अश्वशक्ती कारखान्यात वाढविता येते. स्वतःचे वजन मात्र ज्याचे त्यानेच उतरवायचे!