पोलकी आणि पायऱ्या

दिवाळीसाठी म्हणून परवा ठेवणीतली पोलकी काढली, तर एकही अंगात शिरेना! जेवण तेच, कॉलेजची धावपळ तीच. मग हे ओझे आले कुठून? डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांपूर्वीच बजावले होते, "पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन घटते, चरबी पोटाकडे वळते, स्नायू झिजतात, हाडेही विरळ होतात. उपास नकोत, डाळी-उसळी खा, चाला, थोडे वजन उचला."

हाडांचे ऐकले आणि खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आई डोळ्यांपुढे आली. तेव्हापासून एरवी गोदाकाठी चालते, रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढते. तिथे तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने ते लेणे भिक्षूंना दिले. लेखात तिचे सत्य, दान, संयम कोरले आहेत. कमरेचा घेर नाही!

माझे वजन उतरले जेमतेम २ किलो. पण पहिल्या रविवारी तीनदा टेकणारी मी आता न थांबता वर पोचते. पोलक्यांच्या शिवणी उसवून घेतल्या. आईला मी हात देऊन उठवीत असे. माझ्या लेकीवर ती वेळ न येवो, एवढेच मागणे.