बाहुली नव्हे, बर्फी!

"अगंबाई, काय गोड आहे! अगदी कापसाची बाहुलीच की!"

आमच्याकडे पहिल्यांदा येणारी प्रत्येक पाहुणी हेच म्हणते. आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बर्फी असा काही आवाज लावते, की बाई दोन पावलं मागे सरतात. मैत्रिणींनो, या लहानखुऱ्या पांढऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. आपल्याला दिसतात ते नुसते केस. कुत्रं असतं ते त्या केसांच्या आत. त्याचा स्वभाव, त्याची भूक, त्याचं दुखणं सगळं त्या कापसाखाली झाकलेलं. आणि आपण वरवरचा गोडवा पाहून खूश!

बर्फी घरात आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. ह्यांच्या एका सहकाऱ्याच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती, त्यातली ही एक. चिरंजीव तेव्हा दुसरीत होते आणि 'मला कुत्रा हवा' म्हणून त्यांचा वर्षभर सत्याग्रह चालला होता. सासूबाईंनी तीन अटी घातल्या. देवघरात आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, कुणाच्या अंथरुणावर चढायचं नाही, आणि "माझ्याकडून काडीची अपेक्षा ठेवायची नाही." चिरंजीवांनी सगळ्याला मान डोलावली. मी फिरवीन, मी खायला घालीन, मी आंघोळ घालीन! पुढे काय झालं ते सुज्ञ वाचकभगिनींना सांगायला नकोच. पंधरा दिवसांत वाटी, ब्रश आणि फरशी पुसायचं फडकं अशी तिन्ही खाती माझ्याकडे आली. पण माझी तक्रार नाही. ज्याच्या हातात वाटी, त्यालाच जनावर कळतं, हा अनुभव मला पुढे फार मोलाचा ठरला.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. त्यामुळे घरात आलेल्या या जिवाची वंशावळ शोधल्याशिवाय मला चैन पडेना. आपण या कुत्र्यांना सरसकट 'पामेरियन' म्हणतो. पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण काठचा प्रदेश. आज त्याचा थोडा भाग जर्मनीत आणि बराचसा पोलंडमध्ये आहे. 'स्पिट्झ' या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार. टोकदार नाक, टोकदार उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि थंडीत ऊब देणारी दाट लव, ही या घराण्याची खूण. मूळची ही कुत्री चांगली मोठी होती. अठराव्या शतकात गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराने अशाच एका पांढऱ्या कुत्रीचं आणि तिच्या पिल्लाचं चित्र काढलं. लंडनच्या टेट संग्रहालयातलं ते चित्र पाहिलं, तर त्यातली कुत्री काही मांडीवर मावणारी वाटत नाही.

लहान चणीची फॅशन आली ती व्हिक्टोरिया राणीमुळे. १८८८ साली ती इटलीत फ्लॉरेन्सला गेली असताना तिने तिथून 'मार्को' नावाचा एक छोटा पामेरियन आणला. राणीने उचलून धरलं म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान कुत्री हवीशी वाटू लागली. १९०१ साली राणी मरणशय्येवर होती, तेव्हा तिची 'टुरी' ही लाडकी पामेरियन तिच्याजवळ होती, असं सांगतात.

इंग्रजांच्या काळात या घराण्यातली कुत्री आपल्याकडे आली आणि पिढ्यान्‌पिढ्या इथल्या हवेत वाढून इथलीच झाली. त्यांचं खरं नाव 'इंडियन स्पिट्झ'. अस्सल पामेरियन तीन किलोंच्या आतबाहेर. आमच्या बर्फीबाई साडेसहा किलोंच्या! १९९१ च्या आधी परदेशी कुत्री आणणं सोपं नव्हतं, तेव्हा मध्यमवर्गीय घरांत दिसायची ती ही. मग १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीने सगळ्या पोरांना वेड लावलं. माझ्या माहेरच्या गल्लीत एका वेळी तीन टफी होते. एकाला हाक मारली की तिघं धावत यायचे!

आता स्वभाव. नाव बर्फी, पण गुण मिरचीचे. या जातीचं मूळ काम राखणीचं. परका माणूस दिसला की वर्दी द्यायची, हे तिच्या रक्तातच आहे. म्हणून बेल, कुरिअरवाला, गॅसवाला, जिन्यावरची पावलं, सगळ्यांवर ती भुंकते. अशा वेळी आपण वरच्या पट्टीत "गप्प बस!" म्हणून ओरडलो, तर तिला वाटतं, वा, घरातली माणसंही भुंकायला लागली! त्यापेक्षा उठावं, दार पाहावं, शांतपणे "बघितलं हं" म्हणावं आणि तिला तिच्या जागेवर बसवावं. ती गप्प झाली की मगच बक्षिसाचा घास. तिने निरोप दिला आणि आपण तो घेतला, एवढंच तिला हवं असतं. ही कुत्री माणसांवाचून राहू शकत नाहीत. दिवसभर कुलूपबंद घरात एकटी ठेवली, तर दुसरं काय करणार? भुंकणार आणि चपला कुरतडणार. लहान मुलांनी शेपटी ओढली, तर चावायलाही कमी करणार नाहीत. तो दोष कुत्र्याचा नव्हे. आणखी एक. लहान चणीच्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. म्हणून फिरायला नेताना गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावण्यापेक्षा छातीभोवती बसणारा पट्टा बरा.

केसांबद्दल जरा सविस्तर सांगते. या कुत्र्यांना दोन थर असतात. आत मऊ दाट लव आणि वर लांब राठ केस. उन्हाळा आला की पुष्कळजण दया येऊन त्यांचं मुंडण करतात. माहेरच्या शेजाऱ्यांनी आपल्या टफीचे केस दर एप्रिलमध्ये मशीनने उतरवायचा नेम ठेवला होता. बिचाऱ्याची गुलाबी कातडी उन्हाने पोळायची. पुढे पुढे तर केस चट्ट्याचट्ट्यांनीच उगवू लागले. हे दोन थर थंडीसारखेच उन्हापासूनही बचाव करतात. मुंडण नको, विंचरणं हवं. आठवड्यातून तीनदा ब्रश फिरवायचा, आणि केस झडण्याच्या दिवसांत रोज. तेव्हा एवढे केस निघतात की एक उशी भरावी! आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे, तीही कुत्र्यांच्या शाम्पूने, आणि मग मुळापर्यंत कोरडं करायचं. वरून वाळलेलं आणि आत ओलं राहिलं की कातडीला खाज सुटलीच म्हणून समजा.

विंचरून झालं की बोटं केसांत घालून थेट कातडीवरून फिरवायची. कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. गोचीड असेल तर तिथेच सापडते, आणि गोचिडीमुळे येणारा ताप जिवावर बेतू शकतो. बरगड्या बोटांना लागतात का, तेही पाहायचं. लागत नसतील तर लाड जास्त झाले, फारच लागत असतील तर काहीतरी बिघडलं आहे. आमच्या सांगलीच्या उन्हाळ्यात मी तिला सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच फिरवते. डांबरी रस्त्यावर आपला तळहात ठेवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल, तर तिच्या पंजांना कसं सोसेल? खूप धापा, लाळ आणि झोकांड्या दिसल्या की तिला सावलीत घ्यावं, अंगावर गार पाणी ओतून पंखा लावावा आणि तडक डॉक्टरांकडे न्यावं.

खाण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे कुत्र्याचं जेवण म्हणजे दूध-पोळी. पण मोठेपणी पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि नुसत्या पोळीवर त्यांचं पोषणही होत नाही. उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, थोडा भात, उकडलेलं गाजर किंवा भोपळा हे चांगलं. तिखट-मीठ-फोडणीचं नको. आपल्या घरात कांदा-लसणावाचून पान हलत नाही, पण कुत्र्यांना ते विषासारखे. त्यांनी रक्त कमी होतं. आमच्या तासगावकडे घरोघरी द्राक्षं आणि बेदाणे, पण त्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. चॉकलेट नको आणि बिनसाखरेची च्युइंगमही नको. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे कपचे आतड्यात टोचतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बर्फी सहा वर्षांची होती. गेल्या पावसाळ्यात तिची पाळी होऊन महिना उलटला असेल. एके दिवशी दुपारपर्यंत मी तिची पाण्याची वाटी चार वेळा भरली. एरवी एकदा भरली की पुरते. हवा तर गार होती. संध्याकाळी तिने खाण्याला तोंड लावलं नाही. आणि मग दाराची बेल वाजली, आणि बर्फी भुंकली नाही! दिसायला तशीच होती, पांढरीशुभ्र, गुबगुबीत. "काही झालं नाहीये, कंटाळली असेल," हे म्हणाले. पण केसांखाली हात घातला, तर पोट ताठ लागलं.

रिक्षा बोलावली. सासूबाई न विचारता चपला घालून तयार! बर्फीला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भपिशवी पूने भरली होती. पाळीनंतर महिना-दोन महिन्यांत, मध्यम वयाच्या आणि त्यापुढच्या कुत्र्यांना हा आजार होतो. कधी बाहेर स्राव दिसतो, कधी काहीच दिसत नाही आणि विष आतच साठत जातं. "पिशवी आजच काढावी लागेल. उद्यावर ढकलू नका," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला.

हे गप्प झाले. शाळेचं नवीन वर्ष सुरू झालेलं, चिरंजीवांची फी नुकतीच भरलेली. "एवढे पैसे..." ते हळूच म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. मी काही बोलणार तोच सासूबाई बोलल्या, "माझी पिशवी काढा म्हणून डॉक्टर सांगत होते, तेव्हा आधी नणंदेचं लग्न होऊ दे, मग दिवाळी होऊ दे, असं करत दोन वर्षं मी दुखणं अंगावर काढलं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. हिला तर बिचारीला सांगताच येत नाही."

पंधरा वर्षं या घरात आहे मी. हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. त्यांनी काही न बोलता कागदावर सही केली.

बर्फी वाचली. टाक्यांना चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून दहा-बारा दिवस ती घरभर धडकत फिरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाल्यावर भुंकली, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्यांच्या तीन अटींपैकी आता देवघराची तेवढी उरली आहे. तीही बर्फी पाळते, उंबऱ्याशी बसून राहते.

डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. पिल्लं नको असतील, तर योग्य वयात कुत्रीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. मग हा आजार होत नाही, आणि ती लवकर केली तर स्तनांच्या गाठींची भीतीही बरीच कमी होते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी, शिवाय डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी. तारखांचं कार्ड गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवावं म्हणजे हरवत नाही. कुठलंही कुत्रं चावलं, तर हळद-तिखट न भरता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावं. पिल्लू घेताना ते आठ आठवड्यांहून लहान नाही ना, हे पाहावं. २०१७ च्या नियमांनी त्याहून लहान पिल्लू विकायला बंदी आहे. आणि घेण्याआधी घरात एक प्रश्न जरूर विचारावा: बारा-पंधरा वर्षं वाटी कोण भरणार? उत्तर 'आई' असं असेल, तर आईला विचारूनच पिल्लू आणावं!

पांढरा रंग पाहायला एक नजर पुरते. आतलं पाहायला रोजची दहा मिनिटं आणि दहा बोटं लागतात. तेवढी द्यायची तयारी असेल, तर बर्फीसारखी सोबत दुसरी नाही.

जाता जाता एक. तिच्या अंगावरून हात फिरवताना, आपण स्वतः कुठलं दुखणं अंगावर काढतोय का, तेही जरा आठवून पाहा. हे वाक्य सासूबाईंनी आग्रहाने लिहायला लावलं आहे. मी त्यांना म्हटलं, "लिहिते, पण आधी तुम्ही तपासणीला चला." मंगळवारी जाऊन आलो. सगळं ठीक आहे.