पाच दिव्यांची पेटी

मुलांनो, तुमच्या घरात एखादे जुने, बंद पडलेले यंत्र आहे का? असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माझी ही हकिकत ऐका.

माझे मामू जहाजावर विजेची कामे करत. त्यांनी इंग्लंडहून आवाज मोठा करणारे एक यंत्र, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. तो 'क्वाड टू' होता. हा नमुना १९५३ साली बाजारात आला. त्यात ट्रान्झिस्टर नव्हते, काचेचे पाच व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्हमधली तार तापली की ते मंद लालसर दिसतात. म्हणून आम्ही त्याला 'पाच दिव्यांची पेटी' म्हणायचो.

मामू वारले आणि पेटी दहा वर्षे कपाटावर पडून राहिली. १९९८ साली धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी भरायची होती. मी पेटी चोरबाजारात नेली. दुकानदार म्हणाला, "हे लोखंड आहे, भाई. दोन मोठ्या काचा तेवढ्या काढून दे, तीनशे देतो." मी देणारच होतो, पण तीनशेत फी भागत नव्हती. थांबलो तो केवळ म्हणून!

जवळच एक म्हातारे उस्ताद रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी चालू करून पाहिलीस?"

"नाही."

"मग वाचलास, बेटा!"

ते म्हणाले, "कपॅसिटर जुने झाले की त्यांतून वीज गळते. मग मोठा व्हॉल्व्ह नको तितका तापतो आणि ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. कपॅसिटर नवे मिळतात. हा ट्रान्सफॉर्मर कुठून आणायचा?" त्या दोन 'काचा' म्हणजे केटी-६६ नावाचे मूळ व्हॉल्व्ह होते. शौकीन लोक ते शोधत फिरतात. दुकानदाराला हे चांगले ठाऊक असणार!

उस्तादांनी गळके कपॅसिटर बदलले. १८० ओहमचा एक रोधकही बदलला. काढलेले भाग फेकले नाहीत, पुडीत बांधून दिले. मग आधी स्पीकर जोडला, कारण व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालवू नये. विजेच्या वाटेत एक साधा बल्ब लावून त्यांनी बटण दाबले. आत कुठे शॉर्ट असता, तर तो बल्बच भगभगून पेटला असता. (तुम्ही मात्र अशी पेटी उघडू नका. आत तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ टिकतात.)

हळूहळू पाचही दिवे लागले. कितीतरी वर्षांनी पेटी गाऊ लागली.

उस्तादांनी एक चिठ्ठी लिहून दिली. काय बदलले ते तीत होते. शेवटी लिहिले होते, 'एक मोठा व्हॉल्व्ह कमजोर आहे.' ती ओळ वाचून मी चिठ्ठी खिशात घातली.

गिऱ्हाईक घरी आले. त्यांनी गाणे ऐकले, खूश झाले आणि नऊ हजार रुपये पुढे केले. कमजोरी कानाला कळत नव्हती. मी नोटा मोजू लागलो. सातव्या हजाराला हात अडखळला. मी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली आणि दीड हजार परत घेतले. माझा चेहरा पडला. फी भागत होती. पण उस्तादांची मजुरी देऊन हाती फारसे उरणार नव्हते.

जाताना ते दारात थांबले. "हे लिहिणारे उस्ताद कुठे बसतात?" त्यांनी विचारले. "याच पेटीची जोडीदार माझ्याकडे आहे. बंद आहे. कोणाच्या हाती द्यावी, हेच कळत नव्हते."