जिनिंग सोडल्यावर

आज बेला मंडळातली गावं. कापूसवेचणी चालू, घरात फक्त म्हातारी माणसं. माझ्या कान तपासायच्या कामाला तेच बरं. आदिलाबादच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो तेव्हा यंत्रांच्या धडधडीत ओरडूनच बोलावं लागे. तिथले जुने कामगार आता माझे पेशंट. आवाजानं गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, हे त्यांना सांगणं कानातला मळ काढण्यापेक्षा अवघड जातं.

नोकरी सोडून श्रवण-वाचेची पदविका केली, तेव्हा घरचे म्हणाले, "आता कान कोरत फिरणार?" फिरतोय. पण सळई नाही. ओटोस्कोप, मळ मऊ करणारे थेंब आणि अंगाइतकं कोमट पाणी. पाणी गार असलं तर भोवळ येते. पडद्याला भोक दिसलं की पाणी घालायचंच नाही, सरळ रिम्स रुग्णालयात पाठवायचं. गरम तेल आणि काडेपेटीची काडी यांच्याशी मात्र रोजचं भांडण.

एक आजी सुनेवर रुसल्या होत्या, ती तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून. दोन्ही कान गच्च. आज मळ निघाला आणि आजी पहिल्यांदा बोलल्या त्या टीव्हीबद्दल: "एवढ्या मोठ्यानं कोण लावतं गं?" सून माझ्याकडे बघतच राहिली.

राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र फुकट मिळतं. पण अशी यंत्रं मला फडताळात सापडतात, सेल संपलेली. सेल बदलून देण्याचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. जुना पगार आठवतो तो तेव्हाच. उद्या जैनथ. सेल जास्तीचे घ्यायला हवेत.