कुंपणावरची रुई

फुलझाड म्हटले की गुलाब, मोगरा, शेवंती अशी नावे आपल्या ओठांवर येतात. रुईला कोणी फुलझाड म्हणत नाही. ती आपोआप उगवते, पाण्यावाचून तग धरते, वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहते आणि पुरुषभर उंच होऊन जांभळट-पांढऱ्या फुलांचे घोस धरते. तरी बागेत तिला मान नाही.

आमचे बेटमा इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. माळव्याची काळी माती. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. बांधावरची रुई आता तणनाशकाने जळते. म्हणूनच आमच्या कुंपणाशी रुजलेली रुई उपटायची ठरली, तेव्हा मी तिची बाजू घेतली.

आजी म्हणाली, "अगं, पोराबाळांचं घर आहे. चीक डोळ्यांत गेला म्हणजे?"

तिचे म्हणणे खरेच होते. रुईचा चीक डोळ्यांना फार घातक. पण त्याच चिकावर एक जीव पोसला जातो. नारिंगी पंखांचे, काळ्या कडांचे 'प्लेन टायगर' फुलपाखरू रुईच्या पानांवर एकेक अंडे घालते. अळी ते पान खाते आणि चिकातले विष अंगात साठवते. त्यामुळे पंख फुटल्यावरही ते कडूच राहते, आणि एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. गंमत म्हणजे 'डॅनेड एगफ्लाय' या दुसऱ्या फुलपाखराची मादी स्वतः कडू नसतानाही हुबेहूब हेच रूप घेऊन वावरते.

झेंडू, झिनिया फुलपाखरांना मध देतात; पण तो पाहुणचार झाला. बाळंतपणाला माहेरच हवे, आणि ते प्रत्येकीचे ठरलेले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'ब्लू मॉर्मन'ला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळीलाही लिंबाच्या कुळातलेच पान लागते. नुसती फुले लावून फुलपाखरे बोलावता येतात, वाढवता येत नाहीत.

हे सारे आजीला सांगितले. तिने अट घातली की रुई राहील, पण मुलांनी हात लावायचा नाही. आता शनिवारी मारुतीच्या माळेसाठी ती स्वतः पाने खुडते. प्रत्येक पान आधी उलटून पाहते. अंडे दिसले तर ते पान तसेच ठेवते, मग साबणाने हात धुते आणि देवळात जाते.